टेपमामांचं माप

टेपमामांना सगळ्याच माणसांचा तिटकारा होता असं नाही. त्यांना फक्त मासे पकडायला येणाऱ्या हौशी माणसांचा तिटकारा होता. आता गेली एकतीस वर्षं त्यांच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारचा माणूस आलाच नाही, त्याला ते तरी काय करणार?

काम असं होतं. मालकीणबाईंच्या तीन बोटी. खोल समुद्रात जायचं, जिथं पाणी कोमट आणि गडद निळं असतं तिथं. बोटीच्या मागे रबराची रंगीत आमिषं सोडायची आणि ती ओढत फिरत राहायचं. नशिबात असेल तर मार्लिन लागतो. मार्लिन म्हणजे दोन माणसांएवढा मासा, तोंडापुढे भाल्यासारखी चोच, आणि डोकं भयंकर तापट. तो लागला की डेकवर स्क्रूने बसवलेल्या मोठ्या खुर्चीत साहेबांना बसवायचं, त्यांच्या कमरेमागून पट्टा घालून तो रॉडच्या रिळाला अडकवायचा, आणि मग साहेबांनी रीळ फिरवायचं.

म्हणजे आमिष बांधणार मामा, सोडणार मामा, मासा कुठे आहे ते पाण्याच्या रंगावरून सांगणार मामा, साहेबांना तहान लागली तर पाण्याची बाटली तोंडाला लावणार तेही मामाच. आणि 'मी पकडला' असं म्हणणार कोण? तर साहेब!

"एक दिवस मासाच वर येऊन विचारणार आहे, 'काय हो, तुमचं नेमकं काम काय?'" असं मामा घरी जेवताना म्हणायचे. मग साहेब लोक फोटोला मासा कसा धरतात त्याची नक्कल करून दाखवायचे. मासा छोटा असला की हात कॅमेऱ्याकडे लांब करायचे, म्हणजे मासा जवळ येतो, मोठा दिसतो, आणि साहेब मागे राहतात. मामा ताटातला चमचा तसा धरायचे, मान मागे ओढायचे, दात दाखवायचे. लेक खो-खो हसायची. बायको म्हणायची, "अहो, भात गार होतोय. आणि त्यांच्याच जिवावर चाललंय ना आपलं?" त्यावर मामा नाक मुरडायचे आणि भात कालवायला घ्यायचे.

नियम एकच होता, पण कडक. मासा गळाला लागल्यापासून तो बोटीशी येईपर्यंत रॉडला, रिळाला, दोरीला त्या एका माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. लावला तर मासा बाद. शेवटची जाड दोरी हाताशी आली की मग मामांनी हातमोजे घालून ती धरायची, माशाला बोटीच्या कडेला आणायचं, टेप लावायची. खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत. आकडा वाचायचा, गळ काढायचा, मासा सोडून द्यायचा. मासा समुद्रात जातो आणि आकडा मासेमारी क्लबात जातो. त्या आकड्यावरून कुठल्या तरी कारखान्यात फायबरचा मासा बनतो, रंगवला जातो आणि साहेबांच्या टेबलामागच्या भिंतीवर चढतो. त्यात खऱ्या माशाचं एक खवलंसुद्धा नसतं.

या मापात काय काय चालतं हे मामांना पाठ होतं. कुणी टेप पोटाच्या फुगवट्यावरून नेतो. कुणी ती ढिली सोडतो. कुणी जबड्याच्या चार बोटं आधीपासूनच सुरुवात करतो. मामांची टेप मात्र ताठ. एका साहेबांनी एकदा कानात सांगितलं होतं, "मामा, दहा सेंटिमीटर वाढवा, काय फरक पडतो?" मामा म्हणाले, "साहेब, फरक पडत नसेल तर आहे तेवढंच राहू दे ना." तेव्हापासून धक्क्यावर त्यांचं नाव टेपमामा. खरं नाव बायकोलाही आठवावं लागायचं. क्लबात मामांची सही असली की आकडा कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे, आणि मामा हे पदक असल्यासारखं मिरवत. बाकी सगळं जग थापाडं, मी तेवढा धुतला तांदूळ, असा एकंदर थाट होता.

लेक याच थाटात वाढली. आठवीत असल्यापासून तिला बोटीचं वेड. मामांनी तिला गाठी शिकवल्या, वारा शिकवला, टेप ताठ कशी धरायची ते शिकवलं. कागदावर सही करायच्या आधी तो अख्खा वाचायचा, हेही त्यांनीच शिकवलं. ती कॅप्टनची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. त्याला दोन वर्षं झाली, तरी पोर अजून डेक घासत होती आणि आमिषं धूत होती. का? तर साहेब लोकांना सुकाणूवर बाई चालत नाही. लाटेत त्यांना स्वतःच्या पोटातलं सांभाळता येत नाही, पण सुकाणूवर कोण बसावं हे मात्र तेच ठरवणार!

त्यातच मालकीणबाईंची चौथी बोट येणार असं ठरलं. नवी कोरी. तिच्यावर कॅप्टन कोण, यावर दोनच नावं होती. एक मामांची लेक आणि दुसरा मालकीणबाईंचा भाचा. या भाच्याने वर्षभरात धक्क्याला तीनदा बोट ठोकली होती, आणि तिन्ही वेळा धक्काच मध्ये आला असं त्याचं म्हणणं होतं.

मालकीणबाई तशा मनाने वाईट नव्हत्या, पण धंदा करत होत्या. त्या मामांना म्हणाल्या, "मामा, तुमची लेक हुशार आहे, मला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईकाने मागितली पाहिजे ना तिला! असं करू. या मोठ्या साहेबांचा उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या सुकाणू हिच्याकडे. विक्रमी मासा आला तर हिचं नाव क्लबाच्या विक्रमांच्या फळीवर लागेल, मग कोण नाही म्हणेल? नवी बोट हिची. नाही आला तर भाचा."

मामांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की एखाद्या साहेबाला मोठा मासा मिळावा.

आणि साहेब तरी कोण? तर तोटीसम्राट! नळ, तोट्या आणि शॉवर बनवणारे कारखानदार. 'तोटीसम्राट' हे मामांनी ठेवलेलं नाव नव्हे. साहेबांनी ते स्वतःच टोपीवर छापून घेतलं होतं. अंगात सतरा खिशांचं जाकीट, एकाही खिशात कामाची वस्तू नाही. गेले नऊ दिवस ते रोज यायचे, रोज मामांना मासेमारी शिकवायचे. "मामा, मार्लिन म्हणजे काय माहितीये का? मार्लिन म्हणजे जिगर!" मामा म्हणायचे, "हो साहेब." मनात म्हणायचे, मार्लिन म्हणजे मासा, गाढवा. सोबत त्यांचा मेहुणा, व्हिडिओ काढायला. हा मेहुणा धक्का सुटला की बोट लागून हिरवा पडायचा आणि परत दिसला की सगळ्यांत आधी उडी मारायचा.

दहाव्या दिवशी लेक सुकाणूवर चढली. आमिषं कुठे फिरवायची ते तिने सकाळी स्वतः ठरवलं, मामांना विचारलंसुद्धा नाही. मामांना जरा राग आला आणि बराच आनंद झाला. साडेदहाच्या सुमारास डावीकडच्या आमिषामागे पाणी काळं झालं, रीळ किंचाळायला लागलं आणि दोनशे हात मागे समुद्रातून अख्खा मासा बाहेर आला. एकतीस वर्षांत एवढा मासा त्यांनी चार वेळाही पाहिला नव्हता.

साहेबांना खुर्चीत कोंबलं, पट्टा अडकवला. पहिली वीस मिनिटं बरी गेली. लेक वर सुकाणूला पाठ करून उभी, तोंड मागच्या डेककडे, मासा जिकडे वळेल तिकडे बोट वळवत होती. मासा दमायला लागला, जरा जवळ आला. आणि तेवढ्यात तोटीसम्राटांच्या डोक्यात आलं, की बसून काढलेला व्हिडिओ काही खरा नाही. ते खुर्चीतून उठले! पाय ठेवायच्या फळीवर उभे राहिले, पट्टा तसाच रिळाला अडकलेला, आणि मान वळवून ओरडले, "घे रे, आता घे!"

मेहुणा काय घेणार? तो कठड्यावर ओणवा होऊन सकाळचा नाश्ता समुद्राला परत करत होता.

मामा ओरडले, "साहेब, खाली बसा!" आणि त्याच क्षणी मासा सरळ खाली गेला. रॉड वाकला, साहेब वाकले, फळीवरून पाय सुटला आणि सतरा खिशांसकट तोटीसम्राट बोटीच्या मागच्या कठड्यावर पोटावर आपटले. डोकं आणि खांदे पाण्यावर. पट्टा रिळाला, रीळ रॉडला, रॉड माशाला. मामांनी विचार केला नाही. पाय कठड्याला लावला आणि दोन्ही हातांनी रॉड धरला. ते बरोबरच होतं, या धंद्यातला कुणीही तेच करील, कारण माणूस रॉडलाच बांधलेला होता. नुसती कंबर धरली असती तर मामाही गेले असते. वरून लेकीने इंजिन दणकन उलटं टाकलं, बोट माशाच्या दिशेने मागे गेली, दोरी ढिली झाली, आणि मामांनी रॉडसकट साहेबांना आत ओढलं. सगळं मिळून दहा सेकंद झाली असतील.

साहेब डेकवर पडले होते, चेहरा पांढराफटक, टोपी समुद्रात. मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं, आता हा पाया पडणार.

साहेब म्हणाले, "अरे, वाचवायचं तर मला धरायचंस! रॉडला कशाला हात लावलास?"

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मासा अजून गळाला होता. साहेबांना पुन्हा खुर्चीत बसवलं. चाळीस मिनिटांनी मासा वर आला. मामांनी जाड दोरी हातावर घेतली, टेप लावली, ताठ केली आणि वाचली. तीनशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. क्लबाचा विक्रम होता तीनशे एक्केचाळीसचा. गळ काढला. मासा क्षणभर कडेलाच रेंगाळला आणि मग खाली गेला.

परतताना मामा डेकवर बसले होते. त्यांच्याशी कुणी काही बोललं नाही, साहेबांनी आमिष दाखवलं नाही, दमही दिला नाही. सगळं मामांच्या डोक्यातच चाललं होतं. नवी बोट. सुकाणूवर आपली पोर. फळीवर तिचं नाव. आणि दुसरीकडे काय? दहा सेकंद! मासा तर खराच होता, माप तर खरंच होतं. एक सेंटिमीटर तरी वाढवला होता का आपण? मेहुण्याच्या कॅमेऱ्यात नुसतं आकाश आणि त्याचेच बूट. कोण विचारणार?

विचारलं. क्लबाच्या कचेरीत चिटणीस फॉर्म भरत होते. भिंतीवर फायबरचे मासे, त्यातल्या एकाची शेपूट मोडून चिकटपट्टीने लावलेली. वर पंखा खडखडत होता. मालकीणबाई आनंदाने लाल झाल्या होत्या. तोटीसम्राट दुसरी टोपी घालून खुर्चीत रेलले होते आणि मेहुण्याला तो मासा किती जिगरबाज होता ते सांगत होते. लेक खाली बोटीत डिझेल भरून डेक धूत होती.

"प्रश्न सातवा," चिटणीस म्हणाले. "मासा लागल्यापासून बोटीशी येईपर्यंत दुसऱ्या कुणी रॉडला, रिळाला वा दोरीला हात लावला का?"

"नाही," मामा म्हणाले.

इतकं सहज निघालं तोंडातून, की मामांनाच आश्चर्य वाटलं. निदान घसा तरी खाकरायला हवा होता.

चिटणिसांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही म्हणताय म्हटल्यावर प्रश्नच मिटला, मामा. इथे सही करा." मामांनी सही केली.

तेवढ्यात लेक आली. हात पँटला पुसले, खुर्ची ओढली. कॅप्टनची सही बाकी होती. मालकीणबाई म्हणाल्या, "ये गं ये, कर सही, नव्या बोटीची मालकीणच तू आता!" लेक हसली आणि फॉर्म वाचायला लागली. पहिल्यापासून, एकेक ओळ. सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"बाबा, हे उत्तर कुणी दिलं?"

"मी," मामा म्हणाले.

"बरं," लेक म्हणाली. तिने पेन घेतलं, 'नाही' वर आडवी रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर सही केली आणि फॉर्म फिरवून चिटणिसांपुढे ठेवला. त्यांनी मोठ्याने वाचलं, "होय. साधारण पंचवीस मिनिटांनी गिऱ्हाईक बोटीबाहेर जात होतं. माझ्या वडिलांनी दोन्ही हातांनी रॉड धरला."

मग जे व्हायचं ते झालं. तोटीसम्राट उठून उभे राहिले, टेबलावर हात आपटला, "ही पोरगी वेडी आहे का? कोण जात होतं बाहेर? मी जरा वाकलो होतो!" मेहुण्याने मान डोलावली, त्याने काहीच पाहिलं नव्हतं तरी. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. चिटणिसांनी चष्मा काढला आणि मामांकडे पाहिलं. "मामा?" एवढंच म्हणाले. मामा त्या मोडक्या शेपटीकडे बघत बसले.

धक्क्यावर आल्यावर मामांचा बांध फुटला. "अगं, अक्कल गहाण टाकलीस का? तुझ्यासाठी केलं मी! एकतीस वर्षांत एकदा खोटं बोललो, ते कुणासाठी? त्या तोटीवाल्यासाठी?"

लेक थांबली. तिने वळून पाहिलं. ती नजर मामांना ओळखीची वाटली. चमचा हातात धरून, मान मागे ओढून, साहेब लोकांची नक्कल करताना ते स्वतः तसंच बघायचे. फक्त आत्ता ती हसत नव्हती.

"माझ्यासाठी जे केलंत ना बाबा, ते पाण्यावर केलंत," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा सुकाणूवर होते. माणूस बाहेर गेला आणि आपण दोघांनी त्याला परत आणला. आज माझ्या हातून झालेली चांगली गोष्ट तेवढी एकच. मासा कुणालाही लागतो. आणि तेवढीच नेमकी तुम्ही खोडून टाकलीत. कशासाठी? तर फळीसाठी?"

ती पुढे निघून गेली. मामा तिच्या मागून घरी गेले. बायकोने ताट वाढलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्या दिवशी जेवताना नक्कल झाली नाही. नंतरही कधी झाली नाही.

मासा बाद झाला. नवी बोट भाच्याला मिळाली. पहिल्याच आठवड्यात धक्का पुन्हा त्याच्या मध्ये आला. मालकीणबाईंनी लेकीला राहा म्हटलं, पण तिने खाडीपलीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीवर कॅप्टनची नोकरी धरली. दिवसाला बारा फेऱ्या. "तिथं लोकांना फक्त पलीकडे पोचायचं असतं," ती आईला म्हणाली, "बरं वाटतं." मामांशी ती बोलते, जेवण वाढते, औषधाची आठवण करते. पण त्यांनी हवा कशी राहील ते सांगितलं, तरी ती आता खिडकीतून एकदा आकाश बघून घेते. पूर्वी 'आज वारा सुटणार नाही' असं मामा म्हणाले की तेवढ्यावर निघायची.

मामा अजून त्याच कामावर आहेत, आता भाच्याच्या बोटीवर. परवा दोन नवे साहेब आले होते. एक नुसताच जाडा, दुसरा जाडा आणि हुशार. दुपारी एक मध्यम मार्लिन लागला. मामांनी दोरी हातावर घेतली, टेप लावली, ताठ केली, इतकी ताठ की बोटं पांढरी पडली.

"दोनशे चौदा," ते म्हणाले.

जाड्या साहेबांना आनंद झाला. हुशार साहेबांनी त्यांना कोपरखळी मारली आणि हळूच, पण मामांना ऐकू जाईल इतपत, म्हणाले, "हे तेच ते मामा. विक्रमवाले. यांनी दोनशे चौदा सांगितलं ना, तर तू दोनशे धर."

मामा वळले. "दोनशे चौदाच आहे, साहेब. या, स्वतः बघा टेपवर."

"असू दे हो मामा," साहेब हसून डोळा मारत म्हणाले, "आम्हाला चालतं. आपलेच आहात तुम्ही."

दूर खाडीच्या तोंडाशी प्रवासी बोट पलीकडे चालली होती, तिच्या ठरल्या वेळेला. मामांनी माशाच्या तोंडातला गळ काढला, त्याला सोडून दिलं आणि ओली टेप पुसून खिशात ठेवली.